एका बाटलीला चार प्रदक्षिणा

गणपतीपुळ्यात डोंगर हाच देव मानतात. म्हणून इथली प्रदक्षिणा नुसत्या गाभाऱ्याभोवती नसते, अख्ख्या टेकडीला असते. बांधीव वाट, एका अंगाला समुद्र, अंतर साधारण एक किलोमीटर. शाळेच्या सहलीतली पोरं ही वाट पळतच संपवतात आणि बाहेर पडल्या पडल्या पहिल्या टपरीवर थंड पेयाची बाटली फोडतात. सोबतची मोठी माणसंही म्हणतात, "एवढं चाललाय, पिऊ दे की!"

या वाक्याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. तीस किलो वजनाच्या मुलाला एक किलोमीटर चालायला साधारण 25 ते 30 किलोकॅलरी लागतात. 250 मिलिलिटरच्या गोड थंड पेयात सुमारे 26 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. एका ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या तर बाटली शंभराच्या वर जाते. ती फेडायला टेकडीला जवळजवळ चार फेऱ्या घालाव्या लागतील. फेऱ्यांना तास लागेल, बाटलीला दोन मिनिटं पुरली.

इथेच कोडं उभं राहतं. चालून-पळून खर्च होणारी ऊर्जा इतकी थोडी असेल, तर मुलांचा लठ्ठपणा रोखायला निघालेली प्रत्येक शाळा आधी मैदानाकडेच का धावते? आणि ज्या कोकणात 'पोर अंग धरत नाही' हीच घरोघरची तक्रार होती, तिथे लठ्ठपणाची चर्चा करायचीच कशाला?

आगोटीची बेगमी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडलेलं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघंही शिडशिडीत. दोघांचा बीएमआयही अगदी सारखा, 22.3. बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. माणूस जाड की बारीक हे ठरवण्याची ही जगभरची रीत. पण शरीरातली चरबी प्रत्यक्ष मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. वजनकाट्याला यातलं काहीच कळलेलं नव्हतं.

हा फरक येतो कुठून? पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू झाला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याची बाळं हातापायांनी, पोटाने, स्नायूंनी लहान होती. फक्त एका बाबतीत ती फारशी मागे नव्हती: पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमटीत येणारी चरबी. बाळ हलकं, पण चरबी राखून असलेलं.

कोकणातल्या कुणालाही ही गोष्ट आगोटीच्या भाषेत चटकन समजेल. पावसाळ्याचे चार महिने बाजार हाती लागेल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून मे महिन्यात घराची बाकीची कामं बाजूला ठेवून सुकी मासळी, सोलं, कुळीथ, पापड, लाकूडफाटा भरून ठेवायचा. आईच्या पोटात अन्न बेताचं पोचलं की गर्भही असंच करतो. स्नायूंसारखी खर्चिक बांधकामं आवरती घेतो आणि चरबीची बेगमी जपतो. पुढे खरंच टंचाई आली असती तर हा शहाणपणा ठरला असता. पण हल्ली पुढे येतात बिस्किटं, वेफर्स, गोड पेयं. पाऊस येतच नाही आणि कोठी मात्र भरतच राहते.

त्यात स्नायू कमी असण्याची अडचण वेगळीच. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूंचं. उचलणारे हात कमी पडले की साखर रक्तात रेंगाळते आणि उरलेली ऊर्जा चरबी होऊन पोटात, यकृताभोवती साठते. म्हणूनच भारतीय मुलांना पाश्चात्त्यांची फूटपट्टी लावून चालत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने 2015 मध्ये वाढीचे नवे तक्ते काढले. मोठ्या माणसांच्या बीएमआयच्या 25 आणि 30 या जागतिक रेघांऐवजी त्यांत 23 आणि 27 च्या तोडीच्या रेघा आखलेल्या आहेत. इशारा जरा अलीकडेच मिळावा, हा त्यामागचा हेतू.

रत्नागिरी जिल्ह्यातही हा धागा पुढे चालू आहे. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने जिल्ह्यातल्या सोळा ते अठरा वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलींना घेऊन दीर्घ मुदतीचा अभ्यास हाती घेतला. आज शाळा-कॉलेजात असलेल्या या मुली उद्याच्या आया आहेत, आणि पुढच्या पिढीच्या तब्येतीचा पाया त्यांच्याच अंगात घातला जातोय, हा त्यामागचा विचार. देशभराचं चित्रही असंच दुहेरी आहे. 2016 ते 2018 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलांपैकी सुमारे 24 टक्के वयाच्या मानाने फार बारीक होती आणि 5 टक्के जाड. एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर.

पोट भरल्याचा निरोप उशिरा पोचतो

मूल किती खातं हे कुठे ठरतं? 'जिभेवर ताबा नाही' हे घरचं उत्तर अर्धवट आहे. जठर ताणलं की एक निरोप मेंदूकडे जातो. अन्न आतड्यात उतरलं की तिथून संप्रेरकं, म्हणजे रक्तातून फिरणारे रासायनिक निरोपे, 'आता पुरे' असं कळवतात. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भाकरी, उसळ, मासे चावून खाताना तेवढा वेळ आपोआप मिळतो. गोड पेय मात्र न चावता सरळ खाली उतरतं, पोट फारसं ताणत नाही आणि मेंदूच्या खातेवहीत त्याची नोंदही नीट होत नाही. शंभर किलोकॅलरीचं पेय प्यालं म्हणून मूल पुढच्या जेवणात तेवढं कमी जेवत नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये एक साधासा प्रयोग केला. वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद वळणाचं जेवण दिलं आणि दोन आठवडे घरगुती वळणाचं. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत साखर, मीठ, तंतू आणि चरबी यांचा मेळ सारखा राखला होता, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद जेवणाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खात होती, आणि जास्त भराभर खात होती. ही मोठी माणसं होती, आपण प्रयोगात आहोत हे त्यांना ठाऊक होतं. तरीही ती सावरली नाहीत, मग तिसरीतल्या पोराकडून संयमाची अपेक्षा करणं जरा जास्तच.

जाता जाता कोकमाविषयी. 'आपलं देशी' म्हणून सरबत निर्धास्त प्यायलं जातं. पण अमृत कोकम हे साखरेच्या पाकातलं. त्याचा पेला गोडीच्या बाबतीत बाटलीच्याच घरातला. आगळ मात्र मिठातलं, त्यात साखर नाही. पाहुण्यांच्या पोरांपुढे कोणतं ठेवायचं हे यजमानाच्या हातात असतं.

पुण्याच्या शाळेत पाच वर्षं

आता मैदानाचा प्रश्न. त्याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर देणारा प्रयोगही महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्बायोसिसच्या पुण्यातल्या शाळेत पाच वर्षं एक कार्यक्रम राबवला. सात ते दहा वर्षांची मुलं घेतली आणि ती बारा ते पंधरांची होईपर्यंत त्यांच्यासोबत राहिले. तुलनेसाठी नाशिकमधली तशाच धाटणीची एक शाळा निवडली. शिवाय पुण्याच्याच शाळेतली, कार्यक्रम सुरू होताना बारा ते पंधरा वर्षांची असलेली मुलं दुसरा तुलनागट म्हणून धरली.

कार्यक्रम नुसत्या भाषणांचा नव्हता. खेळाचे तास वाढवले. रोज श्वसनाचे योगप्रकार घेतले. शाळेत मिळणारं जेवण सुधारलं. फाटकाबाहेरचे चटपटीत पदार्थांचे गाडे हटवले. शिक्षक, मुलं आणि पालक, तिघांनाही आहाराची माहिती दिली. आणि एक फार अस्सल मराठी मध्यमवर्गीय युक्ती: शारीरिक शिक्षणाला गुण ठेवले. ज्या घरात पीटीचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा पुरा करायची जागा, तिथे गुणपत्रिकेतल्या ओळीला वजन असतंच.

पाच वर्षांनी मोजमाप झालं. पळणं, लांब उडी, उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम, जोर, या सगळ्यांत कार्यक्रमातली मुलं सरस ठरली. टीव्हीपुढे आणि पुस्तकापुढे बसून राहण्याचा वेळ कमी झाला होता, खेळ वाढला होता, फळं जास्त वेळा खाल्ली जात होती. पुण्याच्या तुलनागटापेक्षा कंबरेचा घेर कमी भरला. मात्र बीएमआय हलला नाही. जाड मुलांचं प्रमाणही कमी झालं नाही.

2016 मध्ये हे निष्कर्ष छापताना संशोधकांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट ठळकपणे मांडली. त्यामुळेच हा अभ्यास मोलाचा आहे. असे उपक्रम संपल्यावर फलकापुढे फोटो निघतात आणि वजनाचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही.

वजन का हललं नाही

पहिलं कारण वरच्या प्रदक्षिणेतच आहे. खेळात जळालेली ऊर्जा घरी आल्यावर दहा मिनिटांत परत मिळवता येते, आणि दमून आलेल्या लेकराला दोन घास जास्त वाढणं हे तर आईचं ब्रीद. शाळेच्या हातात आठवड्यातली पाच-सहा दुपारची जेवणं. बाकी सगळं घराकडे.

दुसरं कारण वयाचं. पहिल्या वर्षाच्या अखेरीला बाळाचा बीएमआय सगळ्यात जास्त असतो. मग मूल पसरट न वाढता उभट वाढतं आणि बीएमआय उतरत जातो. पाच-सहा वर्षांच्या आसपास तो तळ गाठून पुन्हा चढू लागतो. ही चढण ज्यांची लवकर सुरू होते, चौथ्या वर्षीच म्हणा, त्यांना पुढे जाडीचा धोका जास्त, हे फ्रान्सच्या रोलाँ-काशेरा यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं. म्हणजे शाळेचा कार्यक्रम सातव्या वर्षी सुरू होतो तेव्हा बऱ्याच मुलांची ही चढण आधीच चालू झालेली असते. बालवाडी आणि घर यांचा काळ निसटलेला असतो.

तिसरं कारण खुद्द मोजपट्टीचं. बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही. पळणाऱ्या मुलाची पोटाची चरबी थोडी उतरली आणि मांडीचे स्नायू थोडे भरले, तर बीएमआय जागच्या जागी राहतो. पुण्याच्या मुलांची कंबर एका तुलनेत कमी भरली, ती याच दिशेची खूण असू शकते. ज्या मातीतली मुलं जन्मतःच कमी स्नायूंची, तिथे पाच वर्षांत मजबूत झालेले पाय ही लहानसहान कमाई नव्हे. व्यायाम करणारा स्नायू रक्तातली साखर उचलायला इन्सुलिनची फारशी वाट बघत नाही. म्हणून मैदान हवंच. फक्त त्याच्याकडून वजनकाट्याचं काम मागू नये.

परदेशातले दाखले हेच सांगतात. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समधल्या 54 शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी वर्षभराचा कार्यक्रम झाला. 2018 मध्ये निकाल आला, वजनावर ठळक परिणाम नाही. उत्तर फ्रान्समधल्या फ्लरबे आणि लाव्हांती या जुळ्या गावांनी 1992 मध्ये शाळेत आहाराचे धडे द्यायला सुरुवात केली. तेवढ्याने मुलांची जाडी थांबली नाही. मग डॉक्टर, दुकानदार, क्रीडामंडळं, नगरपालिका असं अख्खं गाव त्यात उतरलं. 2004 मध्ये तिथे 8.8 टक्के मुलं जाड होती, तर तुलनेच्या गावांत 17.8 टक्के. (तुलनेची गावं सुरुवातीपासून अभ्यासात नव्हती, तेव्हा हा आकडा थोड्या सावधपणे घ्यावा.)

चीनमधला प्रयोग त्याहून काटेकोर. 24 शाळा, आठ ते दहा वर्षांची 1392 मुलं, नऊ महिने. शाळेने गोड पेयं बंद केली, खेळ वाढवला. पालकांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप दिलं, त्यात मुलाचं वजन, खाणं आणि खेळ यांची नोंद घरीच ठेवायची. 2021 मध्ये छापलेल्या निकालात कार्यक्रमातल्या मुलांचा बीएमआय इतरांपेक्षा सरासरी 0.46 ने कमी निघाला. आकडा किरकोळ वाटतो, पण शाळांच्या उपक्रमांतून एवढाही क्वचितच हाती लागतो. इथे शाळा आणि घर एकाच वहीत लिहीत होते, हा मोठा फरक.

---

चौकट : एक दोरा, एक घडी

मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्या. त्याची मधोमध घडी घाला. घडी घातलेला दोरा मुलाच्या पोटाभोवती, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर फिरवा. श्वास सहज सोडलेला असावा, पोट आत ओढलेलं नको.

दोन्ही टोकं जुळली तर ठीक. जुळत नसतील, तर पोटावर चरबी साठू लागली आहे. डॉक्टरांकडून वाढीचा तक्ता भरून घ्यावा.

सहा वर्षांपुढच्या मुलांना ही मोजणी लागू पडते. वजनकाटा लागत नाही, आणि मूल दिसायला बारीक असलं तरी पोट लपत नाही.

---

घराने काय करायचं

सुटकेची एक वाट मुलांना असते, जी मोठ्यांना नाही. मुलांची उंची वाढते. आठ वर्षांचं, 128 सेंटिमीटर उंचीचं मूल 35 किलोचं असेल तर त्याचा बीएमआय 21.4. दहाव्या वर्षी उंची 139 झाली आणि वजन तेवढंच राहिलं, तर तो 18.1 वर येतो. एक किलोही उतरवलेला नाही. म्हणून वाढत्या मुलाला 'डाएट'वर ठेवणं बहुतेक वेळा चुकीचंच. उपाशी ठेवलं की आधी स्नायू आणि उंचीच्या वाढीवर घाव पडतो. काम एवढंच की वजनाचा वेग उंचीच्या वेगापुढे जाऊ नये.

ते कसं साधायचं? काय शिजवायचं, कधी वाढायचं, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं, ते मुलाने. कोकणी घरात हे वाटतं तितकं सोपं नाही. आजीला रिकामी ताटली बघायची असते. "एवढं संपव, मग लाडू" या सौद्यात मूल दोन गोष्टी शिकतं: पोट भरल्यावरही खायचं असतं, आणि लाडू हे बक्षीस असतं. आजीशी वाद घालण्यापेक्षा पहिल्या वाढपाला पळी छोटी घेणं हा बरा मार्ग. मागितलं तर पुन्हा वाढता येतंच.

सणाचा उकडीचा मोदक या सगळ्यात आरोपी नाही. तो चतुर्थीला होतो, त्यासाठी कुणीतरी सकाळपासून नारळ खवलेला असतो, आणि तो माणसांत बसून खाल्ला जातो. गुन्हेगार शोधायचाच तर तो रोजच्या दप्तरात सापडतो: मधल्या सुट्टीचा क्रीमचा बिस्किटपुडा, शिकवणीला जाताना दिलेली दहाची नोट, रात्री मोबाइलसमोर रिकामं होणारं वेफर्सचं पाकीट. पडद्यावर नजर असली की आधीच उशिरा येणारा 'आता पुरे'चा निरोप आणखी हरवतो.

झोपेचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. झोप तुटली की भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ लागते. सकाळची सातची शाळा आणि रात्री अकरापर्यंत चालणारी मालिका एका घरात नांदत नाहीत.

आणि चिडवणं. 'ढोल्या', 'जाडू' म्हणून कुणी बारीक झालेलं नाही. चिडवलेलं मूल मैदानातून बाजूला होतं आणि एकटं बसून खातं.

फाटकाबाहेरचे 50 मीटर

नियम पुरेसे आहेत. महाराष्ट्र सरकारने मे 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत पिझ्झा, बर्गर, चिप्स, गोड पेयं अशा जास्त चरबी, मीठ आणि साखरेच्या पदार्थांवर बंदी घातली. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2020 च्या नियमावलीत ही बंदी शाळेच्या फाटकाबाहेर 50 मीटरपर्यंत नेली. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. कोणत्या पेयात किती चमचे साखर, हे मुलांना दिसावं म्हणून. फलकाची युक्ती चांगली आहे, पण फलकासमोर ती बाटली विकत मिळत नसेल तरच.

गणपतीपुळ्यासारख्या गावात 50 मीटरची रेघ ओढायची कुठे, हा खरा पेच. पर्यटन हेच इथलं पोट. भेळ, वडापाव, आइसगोळा विकणारा माणूस हा याच शाळेतल्या कुणाचा तरी बाप किंवा काका. त्याला हटवून गाव चालणार नाही. पण त्याच टपरीवर शहाळं, मिठातलं ताक, उकडलेल्या शेंगा समोरच्या फळीवर आल्या आणि बाटल्या मागे गेल्या, तर धंदा बुडत नाही. सहलीच्या हंगामात तरी हे करून बघता येईल; शाळांनी निघतानाच टपरीचे पैसे बंद करून शेंगा आणि केळी सोबत घेतली, की निम्मं काम झालं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारची खिचडी असते: पहिली ते पाचवीला दिवसाला 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 आणि 20 ग्रॅम, हा सरकारी हिशेब. त्यात डाळ आणि कडधान्य पडतं, म्हणून स्नायूंच्या दृष्टीने ती मधल्या सुट्टीच्या पाकिटापेक्षा सरसच. आता बरीच मुलं वाडीवरून घाटी उतरून शाळेत येत नाहीत, पिवळ्या गाडीतून दूरच्या इंग्रजी शाळेत जातात. खिचडीही सुटते आणि रोजची चालही.

जागतिक आरोग्य संघटना मुलांना दिवसातून सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. कोकणात त्याला पावसाचा अडथळा येतो. जूनपासून मैदान म्हणजे चिखल, आणि पीटीचा तास आपोआप 'वाचन करा' होतो. दोरीउड्या, लंगडी, सूर्यनमस्कार, फुगडी यांना मात्र शाळेचा व्हरांडा पुरतो. पुण्याच्या शाळेने केलं तसं या तासालाही गुण ठेवले, तर गणिताचा राहिलेला धडा तिथे घुसवायला मुख्याध्यापकांना निदान दोनदा विचार करावा लागेल.